मॉरिशस: झेंडा, नोटा, डोडो आणि गणपतीची सुट्टी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मॉरिशसला जाऊन आलो असं सांगितलं की लोक आधी समुद्राबद्दल विचारतात आणि मग हमखास म्हणतात, "तिथे सगळे आपलेच लोक ना?" समुद्राचं उत्तर कुठलीही टूर कंपनी देईल. दुसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हटलं तरी चूक, 'नाही' म्हटलं तरी चूक. म्हणून हे पान. शाळेच्या प्रकल्पासाठी झेंडा-पक्षी-फूल शोधत आलेल्यांनाही इथे हवं ते मिळेल, फक्त थोडं जास्तीचं वाचावं लागेल.

मॉरिशस नेमकं कुठे आहे आणि केवढं आहे?

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर. मुख्य बेटाचं क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, सगळी बेटं धरून २,०४०. म्हणजे गोव्याच्या निम्म्याहून थोडं मोठं. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, तीही गोव्यापेक्षा कमीच. राजधानी पोर्ट लुई. आपल्याकडे दुपारचे दीड वाजतात तेव्हा तिथे बारा.

एक गोंधळ मात्र कायम होतो. शेजारचं रियुनियन बेट मॉरिशसचं नाही, ते फ्रान्सचं आहे. मॉरिशसची म्हणजे पूर्वेला ५६० किलोमीटरवरचं रॉड्रिग्स, उत्तरेला हजारेक किलोमीटरवरची आगालेगाची जोडबेटं आणि सेंट ब्रँडनचे छोटे छोटे पट्टे. रॉड्रिग्सला २००२ पासून स्वतःची प्रादेशिक विधानसभा आहे. चागोसचं प्रकरण वेगळं, ते खाली.

'मॉरिशस' हे नाव कुठून आलं?

डच लोकांकडून. १५९८ मध्ये त्यांची जहाजं इथे लागली आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरित्सचं नाव बेटाला दिलं. १७१० मध्ये कंटाळून ते निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि नाव ठेवलं 'ईल द फ्रांस'. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं आणि जुनं डच नाव परत आणलं. बिहारहून गेलेले मजूर त्याला 'मिरिच देस' किंवा 'मारीच देस' म्हणत. तिथला माणूस आज आपल्या बोलीत नुसतं 'मोरिस' म्हणतो.

तिथले मूळचे रहिवासी कोण?

कुणीच नाहीत. या देशाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, बाकीची बरीचशी उत्तरं तिच्यातून निघतात. डच येण्याआधी बेटावर माणसाची वस्ती नव्हती. कासवं होती, वटवाघळं होती, डोडो होता. आज तिथे राहणारा प्रत्येक माणूस बाहेरून आलेल्या कुणाचा तरी वंशज आहे, त्यामुळे 'भूमिपुत्र' या शब्दावर तिथे राजकारण करता येत नाही.

फ्रेंच मळेवाले आले. त्यांनी मादागास्कर, मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणले. फ्रेंचांच्याच काळात पाँडिचेरीकडून तमिळ कारागीर आले. इंग्रजांनी १८१५ पासून बंगाल आणि मुंबई इलाख्यातले कैदी रस्ते बांधायला पाठवले. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन बेटावर उतरला तेव्हा त्यानेही हे कैदी पाहिले आणि त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी कायद्याने संपली आणि उसाला हात कमी पडले. त्याची तयारी मळेवाल्यांनी आधीच केली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत भारतातून साधारण साडेचार लाख माणसं करारावर आली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून. चिनी व्यापारीही आले आणि गावागावात किराणा मालाची दुकानं थाटून बसले.

मजूर जिथे उतरत त्या जागेला 'कुली घाट' म्हणत. आता ती 'आप्रवासी घाट' आहे आणि २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. समुद्राकडून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या आहेत, बस्स. आपल्याकडच्या एखाद्या नदीकाठच्या घाटाच्या मानाने अगदीच किरकोळ. पण त्यांच्यावर पाय ठेवताना पाठीमागचं बोलणं आपोआप थांबतं.

स्वातंत्र्यदिन १२ मार्चलाच का?

१२ मार्च १९३० ला गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. त्याची आठवण म्हणून ही तारीख निवडली, असं तिथे सांगतात. गांधीजींचा बेटाशी प्रत्यक्ष संबंधही आहे. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतताना त्यांचं जहाज तिथे थांबलं आणि ते जवळपास तीन आठवडे राहिले. १९०७ मध्ये त्यांच्याच सांगण्यावरून बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तिथे गेले आणि मजुरांच्या बाजूने कोर्टात उभे राहू लागले.

१२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. सर शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान. राष्ट्रप्रमुख मात्र इंग्लंडची राणीच राहिली. प्रजासत्ताक झालं ते बरोबर चोवीस वर्षांनी, १२ मार्च १९९२ ला. त्यामुळे आपल्याला ऑगस्ट आणि जानेवारी असे दोन दिवस लागतात, त्यांचं एका तारखेत भागतं.

एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. हे स्वातंत्र्य सगळ्यांना हवं होतं असं नाही. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली. हिंदू बहुसंख्येच्या राज्यात आपलं काय होईल, ही भीती त्यामागे होती. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत दंगली झाल्या आणि त्या शमवायला ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं. झेंडा वर चढला तो या पार्श्वभूमीवर. पुढे प्रत्येक चिन्हात 'कुणाचं पान रिकामं राहू नये' ही जी धडपड दिसते, तिचं मूळ मला इथे वाटतं.

झेंड्यावरच्या चार रंगांचा अर्थ काय?

वरून खाली चार आडवे, सारख्या रुंदीचे पट्टे: लाल, निळा, पिवळा, हिरवा. मध्ये चक्र नाही, तारा नाही, काहीच नाही. अधिकृत अर्थ असा की लाल म्हणजे स्वातंत्र्याचा लढा, निळा म्हणजे हिंदी महासागर, पिवळा म्हणजे स्वातंत्र्याचा प्रकाश आणि हिरवा म्हणजे बारा महिने हिरवी राहणारी शेती.

कट्ट्यावर बसलेले लोक दुसराच अर्थ सांगतात: लाल हा रामगुलामांच्या लेबर पक्षाचा, निळा विरोधकांचा, आणि असंच पुढे, एकेका गटाचा एकेक रंग. शाळेच्या वहीत पहिला अर्थ लिहा. दुसरा ऐकायला बरा आहे.

हा झेंडा पहिल्यांदा फडकला तो शां द मार्सवर, म्हणजे पोर्ट लुईच्या घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानात. १८१२ पासून तिथे शर्यती होतात. देशाचा जन्म रेसकोर्सवर झाला, असं तिथले लोक हसत सांगतात.

राजचिन्हात काय काय आहे?

मधे चार घरांची ढाल: एकात जहाज, एकात ताडाची तीन झाडं, एकात किल्ली, एकात तारा. खाली लॅटिनमध्ये ब्रीद, 'स्टेला क्लाविस्क्वे मारिस इंडिकी', म्हणजे 'हिंदी महासागराचा तारा आणि किल्ली'. सुएझ कालवा होण्याआधी युरोपातून भारताकडे जाणाऱ्या जहाजांना हे बेट किती मोक्याचं होतं, ते या किल्लीवरून कळतं.

खरी गंमत ढालीच्या दोन्ही बाजूंना आहे. एकीकडे डोडो, दुसरीकडे हरिण, आणि दोघांनी एकेक ऊस धरलेला. डोडो इथलाच, पण माणूस आल्यावर संपला. हरणं डचांनी जावाहून आणली, ती टिकली. ऊसही डचांनीच जावाहून आणला आणि त्याने सगळं बेट व्यापलं. हे चिन्ह १९०६ चं, म्हणजे इंग्रज अमलातलं. स्वतंत्र झाल्यावर ते बदलावं असं कुणाला वाटलं नाही. मला विचाराल तर बरंच झालं. एवढं प्रामाणिक राजचिन्ह मी दुसरं पाहिलेलं नाही.

राष्ट्रीय पक्षी डोडो ना?

राजचिन्हावर डोडो, दुकानातल्या चुंबकावर डोडो, टी-शर्टवर डोडो. त्यामुळे सगळे डोडोच सांगतात. पण मार्च २०२२ मध्ये, प्रजासत्ताकाला तीस वर्षं झाली त्या निमित्ताने, 'मॉरिशस केस्ट्रेल' या तिथल्या छोट्या शिकारी पक्ष्याला राष्ट्रीय पक्षी जाहीर केलं. प्रश्नमंजुषेत अजूनही जुनंच उत्तर बरोबर धरतात, तेव्हा जिथे उत्तर द्यायचं तिथला अंदाज घ्या.

डोडो हा उडता न येणारा, कबुतराच्या कुळातला मोठा पक्षी. तो शेवटचा दिसल्याची सर्वमान्य नोंद १६६२ ची. खलाशांनी मारून खाल्ला हे अर्धंच खरं. जहाजांतून आलेले उंदीर, डुकरं आणि माकडं यांनी जमिनीवरची अंडी संपवली, ते जास्त महागात पडलं. १८६५ मध्ये 'मार ओ साँज' नावाच्या दलदलीत हाडांचा मोठा साठा सापडला. आज जगभरच्या संग्रहालयांत दिसणारे डोडोचे बरेचसे सांगाडे तिथल्याच हाडांचे आहेत.

केस्ट्रेलची गोष्ट उलटी आहे. १९७४ मध्ये रानात असे फक्त चार पक्षी उरले होते. कार्ल जोन्स या वेल्श जीवशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अंडी उचलून उबवली, पिल्लं वाढवली, पुन्हा रानात सोडली. आज ते शेकड्यांनी आहेत. गमावलेला पक्षी चिन्हावर होताच, आता वाचवलेल्यालाही मान मिळाला.

राष्ट्रीय फूल कोणतं?

ट्रोकेशिया बुटोनिआना. तिथे त्याला फ्रेंचमध्ये 'बुक्ल दोरेय' म्हणतात, म्हणजे कानातलं डूल. लालसर, खाली लोंबणारी घंटेसारखी फुलं, आणि मधही रंगीत, जे फुलांमध्ये फार दुर्मीळ. १२ मार्च १९९२ ला ते राष्ट्रीय फूल झालं.

ते रानात उगवतं फक्त ल मॉर्न या एका डोंगरावर. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रातून सरळ वर आलेला ५५६ मीटरचा कडा आहे तो. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहत. गुलामगिरी संपल्याची बातमी सांगायला शिपाई वर आले, ते पकडायलाच आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. २००८ पासून हा डोंगरही जागतिक वारसा आहे. म्हणजे घाट मजुरांचा, डोंगर गुलामांचा, दोघांना एकेक. इथेही वाटणी झालीच.

राष्ट्रगीत कोणत्या भाषेत आहे?

इंग्रजीत. नाव 'मदरलँड', शब्द जाँ-जॉर्ज प्रॉस्पेर यांचे, चाल फिलिप जाँतिल यांची. एकाच कडव्याचं, मिनिटभरात संपतं. १९८३ च्या स्वातंत्र्यदिनी सरकारी दूरदर्शनवर ते क्रियोलमध्ये, म्हणजे तिथल्या रोजच्या बोलीत ऐकवलं गेलं आणि त्यावरून एवढं वादळ उठलं की सत्ताधारी आघाडी फुटण्याच्या कारणांत त्याचंही नाव घेतात. राष्ट्रगीत पुन्हा इंग्रजीत गेलं. इंग्रजी कुणाचीच घरची भाषा नाही, म्हणून तिच्यावर कुणाचाच आक्षेप नाही.

मग राष्ट्रभाषा कोणती?

राज्यघटनेत राष्ट्रभाषा नाही. कायदेमंडळाची भाषा इंग्रजी, पण सदस्याला फ्रेंचमध्येही बोलता येतं, एवढंच तिथे लिहिलं आहे. प्रत्यक्षात कारभार इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये, आणि घरात, बाजारात, भांडणात क्रियोल. २०११ च्या जनगणनेत सुमारे ८६ टक्के लोकांनी घरची भाषा क्रियोल सांगितली, भोजपुरी सांगणारे पाचेक टक्के होते.

क्रियोल म्हणजे मोडकी फ्रेंच नव्हे. शब्द बरेचसे फ्रेंच घराण्यातले, पण व्याकरण वेगळं, उच्चार वेगळे. गुलामांनी आणि मालकांनी एकमेकांशी बोलायला घडवलेली ही भाषा पुढे चिनी दुकानदाराची झाली, तमिळ कारागिराची झाली आणि मराठी मजुराचीही झाली. शाळेत ऐच्छिक विषय म्हणून तिला जागा मिळायला जानेवारी २०१२ उजाडलं. गुजराती, हिंदी, तमिळ, तेलुगू, मराठी, उर्दू, चिनी यांची नावं तिथे 'पूर्वजांच्या भाषा' म्हणून घेतली जातात.

तिथल्या नोटांवर कुणाचे फोटो आहेत?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो. चलन रुपयाच आहे, आणि तो भारतीय रुपयाच्या वंशातलाच. एकोणिसाव्या शतकात मजुरांबरोबर आपला रुपया तिथे एवढा खेळू लागला की १८७६ मध्ये इंग्रजांनी पौंड सोडून रुपयाच अधिकृत केला.

माझ्या पाकिटात तिथली शंभराची एक नोट उरली आहे. तिच्यावर रंगनादेन सीनिवासेन, तमिळ पुढारी. पंचवीसवर मॉइलिन जाँ आ-शुएं, चिनी. पन्नासवर मोरिस पातुरो, फ्रेंच वंशाचे. दोनशेवर अब्दुल रझाक मोहम्मद, मुस्लिम. पाचशेवर सुखदेव विष्णुदयाल आणि दोन हजारांवर रामगुलाम, दोघे हिंदू. आणि हजाराच्या नोटेवर गाएतां दुवाल, क्रियोल समाजाचे, म्हणजे मुख्यतः गुलामांच्या वंशजांचे लाडके पुढारी. तेच दुवाल, ज्यांनी १९६७ मध्ये स्वातंत्र्याच्या विरोधात प्रचार केला. ज्याने देश होऊ नये म्हणून जीव तोडून भाषणं केली, त्याला देशाने हजाराच्या नोटेवर बसवलं. आपल्याकडे याची कल्पना करून पाहा.

आता नोट जवळ धरा. किंमत तीन लिप्यांत आहे: आधी रोमन, मग तमिळ, मग देवनागरी. हा क्रम सहज आलेला नाही. नोव्हेंबर १९९८ मध्ये नव्या नोटा निघाल्या तेव्हा देवनागरी वर गेली आणि तमिळ खाली आली. तमिळ समाज रस्त्यावर उतरला. हिंदी बोलणाऱ्यांच्या आधी आम्ही या बेटावर आलो, क्रम आमचाच, असं त्यांचं म्हणणं. मध्यवर्ती बँकेने नोटा मागे घेतल्या आणि १९९९ मध्ये जुन्या क्रमाने नव्याने छापल्या. दोन ओळी वरखाली झाल्या म्हणून सगळ्या नोटा परत! हसू येतं खरं, पण पंगतीत आधी कुणाला वाढलं यावरून आपल्याकडे काय काय होतं ते आठवलं की हसू आवरतं.

मराठी माणूस एकाही नोटेवर नाही. शोधून झालं आहे.

राष्ट्रपती मोठे की पंतप्रधान?

सत्ता पंतप्रधानांकडे. राष्ट्रपतींना कायदेमंडळ पाच वर्षांसाठी निवडतं, पद मानाचं. शेवटचं अपील अजूनही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं, हे ऐकून बरेच जण चमकतात. दिवाणी कायद्याचा पाया फ्रेंच, कोर्टाची रीत इंग्रजी. गाड्या डावीकडून.

'बेस्ट लूझर' म्हणजे काय? निवडणूक हरलेला आमदार कसा होतो?

होतो, आणि कायद्याने होतो. एकसदनी कायदेमंडळात ६२ सदस्य निवडून येतात: मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकात तीन, आणि रॉड्रिग्सचे दोन. त्यावर आणखी आठ जागा अशा हरलेल्या उमेदवारांना देता येतात, ज्यांच्या समाजाला निकालात कमी प्रतिनिधित्व मिळालं. त्यासाठी घटनेने चार समाज ठरवले: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि या तिन्हींत न बसणारे ते 'सर्वसाधारण लोकसंख्या'. गोरा साखर कारखानदार आणि गुलामांचा वंशज कोळी, दोघेही या चौथ्या खणात.

हा हिशोब अजून १९७२ च्या जनगणनेवर चालतो. त्यानंतर समाजवार मोजणीच झाली नाही, कारण मोजलं तर भांडण आणि न मोजलं तर आकडे जुने. उमेदवाराने आपला समाज जाहीर करण्याच्या सक्तीविरुद्ध प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं, समितीने २०१२ मध्ये तक्रारदारांच्या बाजूने मत दिलं, आणि २०१४ च्या निवडणुकीपुरती ती सक्ती सैल केली गेली. जागा मात्र राहिल्या.

मॉरिशसला 'छोटा भारत' म्हणणं बरोबर आहे का?

नाही, आणि तिथल्या माणसासमोर तर म्हणूच नये. हिंदू साधारण ४८ टक्के आहेत हे खरं. ग्रां बासां या डोंगरातल्या तळ्याला 'गंगा तलाव' म्हणतात, १९७२ मध्ये त्यात गंगेचं पाणी ओतलं, काठावर ३३ मीटर उंच शंकर उभा आहे आणि महाशिवरात्रीला लोक कावड घेऊन बेटभरातून चालत तिथे येतात, हेही खरं. पण कॅथलिक २६ टक्के आणि मुस्लिम १७ टक्के आहेत. ज्याच्या कपाळावर गंध दिसतं तो माणूस मित्राला हाक मारतो ती क्रियोलमध्ये.

'छोटा भारत' म्हणताना आपण उरलेल्या अर्ध्या देशाला घराबाहेर काढतो. सेगा हे तिथलं नाचगाणं घ्या. बकऱ्याच्या कातड्याचा 'रावान' शेकोटीवर तापवून वाजवतात. ते गुलामांचं, आणि २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. भोजपुरी बायकांचं लग्नातलं 'गीत-गवाई' २०१६ मध्ये त्याच यादीत गेलं. आणि सगळं गोडीगुलाबीनं चालतं असंही समजू नका. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या क्रियोल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि बेट काही दिवस पेटलं होतं. सेगा आणि रेगे मिसळून त्याने जे 'सेगे' रूढ केलं, ते आज सगळ्या समाजांची मुलं ऐकतात.

तिथे मराठी माणसं खरंच आहेत?

आहेत. मुंबई बंदरातून गेलेली, बरीचशी कोकणातली आणि घाटावरची. संख्येने थोडी, पण वेगळी ओळख राखून. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते, मराठी मंडळ्या आहेत, आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांचा पुतळा बसवला गेला. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून नाचतात. पिढ्या उलटल्यावर उच्चार घासला, पाय तेच राहिले. घरात मराठी बोलणारे मात्र फार थोडे उरलेत. गणपतीची आरती तोंडपाठ आणि तिच्या अर्थासाठी फ्रेंचमधलं पुस्तक, असं दृश्य दिसलं तर नवल मानू नका. अमेरिकेतल्या आपल्या नातवंडांचंही याहून फार वेगळं नाही.

गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये देशभर सार्वजनिक सुट्टी असते. ही सुट्टी खास मराठी समाजाच्या वाट्याची. तमिळांना थाईपूसम कावडी, तेलुगूंना उगादी (तोच आपला पाडवा), चिन्यांना वसंतोत्सव, मुस्लिमांना ईद, आणि शिवाय १ फेब्रुवारी गुलामगिरी संपल्याची, २ नोव्हेंबर मजूर आल्याची. बारकावा असा की गणपतीची सुट्टी बहुधा आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते. २०२३ मध्ये आपल्याकडे गणपती १९ सप्टेंबरला बसले, तिथली सुट्टी २० ला. दीड दिवसाच्या हिशोबाने तो विसर्जनाचा दिवस. नोटेवर नाही तर नाही, कॅलेंडरवर आहोत.

राष्ट्रीय पदार्थ काय?

अधिकृत नाही. रस्त्यावर विचाराल तर 'दोल पुरी'. म्हणजे दालपुरी, आपल्या पुरणपोळीची तिखटाकडची बहीण: शिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ, थोडी हळद, जिरं, आणि कागदासारखी पातळ लाटलेली. एक कधी मागत नाहीत. 'एन पेर' म्हणायचं, एक जोडी. गाडीवाला दोन पुऱ्या एकमेकींवर पसरतो, पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोची 'रुगाय', लोणचं आणि 'पिमाँ' म्हणजे मिरचीचा ठेचा लावतो, कागदात गुंडाळतो आणि तुम्ही पैसे मोजेपर्यंत पुढच्याची जोडी सुरू. ऊन असेल तर पुढच्या गाडीवर 'आलुदा' प्या, फालुद्याचाच भाऊ. डाळवड्याला 'गातो पिमाँ', मिरचीचा केक, असं भारदस्त नाव आहे. गाडीवर रांगेत गोरा, चिनी, मुस्लिम, हिंदू सगळे उभे असतात आणि क्रमावरून कुणी भांडत नाही.

चागोसचा वाद काय आहे?

१९६५ मध्ये, स्वातंत्र्य देण्याआधी, ब्रिटनने चागोस बेटं मॉरिशसपासून तोडून आपल्याकडे ठेवली. त्यातल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ झाला. १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या रहिवाशांना काढून मॉरिशस आणि सेशेल्सला आणून सोडलं. २५ फेब्रुवारी २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे तोडणं बेकायदा होतं असं मत दिलं, मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ मतांनी ठराव झाला. २२ मे २०२५ ला ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या: बेटं मॉरिशसची, दिएगो गार्सियाचा तळ मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे. ज्यांना घरातून उठवलं त्या चागोसवासीयांतले काही जण म्हणतात, आम्हाला कुणी विचारलंच नाही.

आमच्या घराण्यातलं कुणी तिकडे गेलं होतं का, हे शोधता येतं?

येतं, कधीकधी. मजुरांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. एकेका माणसाचा नंबर, नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, जहाज, उतरल्याची तारीख. पुढच्या काळातल्या नोंदींना फोटोही आहेत.

अडचण नावांची. लिहिणारा कारकून इंग्रज किंवा फ्रेंच, सांगणारा रत्नागिरीचा. जे कानाला ऐकू आलं ते लिहिलं. आडनाव द्यायची पद्धत मजुरांत फारशी नव्हतीच, म्हणून पणजोबांचं पाळण्यातलं नाव पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. त्यामुळे 'सावंत' किंवा 'मोरे' शोधत गेलात तर हाती काही लागायचं नाही. बापाचं नाव, गाव आणि अंदाजे साल घेऊन जा. गावाचं नावही मोठ्याने, दोन-तीन तऱ्हांनी म्हणून बघा, तो कारकून कसं ऐकेल तसं.